चौसष्टचा रेडिओ

नाशिकला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षकानं माझ्या गाडीत डोकावून पाहिलं आणि तो चक्क हसला. गाडी चौसष्ट सालची, दोन सीटची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार. आणि तिच्यात रेडिओ कसला, तर निळे दिवे लुकलुकणारा, पेन ड्राइव्हचा. "ही काय वरातीत लावता का?" म्हणाला. माझं डोकंच फिरलं. माझ्यासारख्या सावद्याच्या केळीबागायतदाराला चारचौघांत असं कोणी हसत नाही. त्याच आठवड्यात चार जुने रेडिओ पिशवीत घालून मी धुळ्याला देवचंद नानांच्या दुकानात थडकलो.

नाना पंच्याहत्तरीचे. पन्नास वर्षं एका बोळातल्या खोलीत रेडिओ दुरुस्त करतात. त्यांची तार उलटी लागलेली कुणी पाहिलेली नाही. माझे चारही रेडिओ त्यांनी एका नजरेत बाद केले. बटणांचा एकाहत्तरचा, दुसऱ्यात एफएम, तिसऱ्याची नुसती काच जुनी, चौथा ट्रकचा. मी वैतागून म्हणालो, "मग चौसष्टचा आणू कुठून?"

नाना उठले आणि फळीवरचं फडकं बाजूला करून एक रेडिओ त्यांनी माझ्यासमोर ठेवला. दोन गोल खुंट्या, मधे पिवळट काच. हवा होता तोच! तो त्यांच्या वडिलांचा होता. वडील धुळ्यात एका गॅरेजात हमाल. मोडीत निघालेल्या मोटारीतला हा रेडिओ त्यांनी सोनगीरला घरी नेला. गावात वीज आली होती, बौद्धवाड्यात नव्हती. चावडीवरचा रेडिओ ऐकायचा तर लांब उभं राहावं लागे. मग वडील ट्रकची बॅटरी सायकलवर बांधून आणत, तिच्यावर हा वाजे आणि अख्खा वाडा अंगणात बसून ऐके.

"नाना, हा मला देता?" मला खरंच वाटलं, चुकून काढलाय.

"हाऊ गाडीकरता बनेल शे. पन्नास वरीस फळीवर बसना. एकदाव रस्तावर वाजत जाऊ दे."

पैशाचं नावही काढलं नाही. अट एकच, पहिली फेरी सोनगीरची, आणि नाना शेजारच्या सीटवर. मग बजावलं, "माप घी ठेव, पन तार लावू नको. तार मी लावसू." त्या काळच्या विलायती गाड्यांत बॅटरीचा प्लस गाडीच्या अंगाला जोडलेला असतो. आपल्याकडे असतो मायनस, आणि हा रेडिओही तसाच जोडलेला. आत बदल केल्याशिवाय तो माझ्या गाडीला चालणार नव्हता. मी मान डोलावली. ऐकलं किती, ते देव जाणे.

रविवारी जायचं ठरलं आणि रेडिओ घेऊन मी घरी आलो. शनिवारी दुपारी माझा दोस्त हितेंद्र आला नि म्हणाला, "वाजतो, की नुसता शोभेचा?" झालं! मी विहिरीवरच्या मोटरी जोडतो, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या बदलतो. दोन तारांचं मला काय कौतुक? रेडिओ डॅशबोर्डात बसवला, तारा जोडल्या, खुंटी फिरवली.

आवाज आलाच नाही. काचेमागून बारीकसा धूर आला आणि जळका वास सुटला. मी तार ओढून काढली, पण तोवर सगळं संपलं होतं. हितेंद्र निघून गेला.

रविवारी सकाळी धुळ्याला पोचलो, तर नाना इस्त्रीचा पांढरा सदरा घालून दुकानाच्या पायरीवर बसलेले. मी कसंबसं सांगितलं. त्यांनी वाकून डॅशबोर्डाजवळ नाक नेलं, वास घेतला. मला वाटलं, आता शिव्या घालतील, घालाव्यात. ते गाडीत बसले.

"चाल. लोके वाट देखी ऱ्हायनात."

"आता? अहो नाना, पण…"

"मी सांगी ठेयेल शे."

मुंबई-आग्रा रस्त्यानं आम्ही गेलो. वाड्याच्या तोंडाशी तीस-चाळीस माणसं उभी होती. ऐंशीच्या नर्मदाअक्का खुर्चीत बसल्या होत्या. नवी नवरी होऊन आल्या, तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेला रेडिओ हाच. त्यांनी हात वर केला. "लाव ना रे, देवचंद!"

नाना सावकाश खाली उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अक्का, जळना तो. मन्हीच घाई. तार उलटी लागी गई."

मी हबकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. अक्कांना ते पटलं नाही, कुणालाच पटलं नसावं. मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, "वय व्हयनं नानानं." नानांनी तेही ऐकून घेतलं.

मी नानांपासून दोन हात अंतरावर उभा होतो. पाहुणा म्हणून मला पहिला चहा दिला आणि मी तो प्यायलो.