कुणाचं वय

हिंजवडीतल्या माझ्या खानावळीत एक कॉम्प्युटरवाली पोरगी रोज जेवायला यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. विचारात पडली की ती वेणीचं टोक चावायची. एका दुपारी मात्र ताट तसंच ठेवून लॅपटॉपपुढे रडत बसली. तासाभरात साहेबांना काम दाखवलं नाही, तर तिची नोकरी जाणार होती.

"रडून यंत्र चालतं का?" मी विचारलं.

"आजी, एका फायलीत रुग्ण आहेत, दुसरीत डॉक्टर. दोन्हींत वयाचा रकाना आहे. मी रुग्णाचं वय मागतेय, तर यंत्र म्हणतं, हा डॉक्टर नाही."

"नुसतं वय मागतेस?"

"हो. दोन्ही फायली उघडल्यात ना."

"मी वाढणारीला नुसतं 'आमटी वाढ' म्हटलं, तर ती शेवटी भरलेल्या टेबलाकडे जाते. कुठलं टेबल ते सांगावं लागतं."

तिने वेणी तोंडातून काढली आणि वयाच्या आधी रुग्णांच्या फायलीचं नाव लिहिलं.

"चाललं, आजी! डॉक्टरांची फाईल मी शेवटी उघडली होती, म्हणून यंत्र तिथलंच वय धरत होतं." एवढं बोलून तिने मला मिठीच मारली.

"माझे हात पिठाचे आहेत, लांब हो," मी म्हणाले. पण ती सोडेपर्यंत मी हलले नाही.