सोबतीचं तेल

सोमवार, १७ नोव्हेंबर. रिफायनरीच्या प्रयोगशाळेत आज गाळण चाचणी माझ्याकडे होती. हायड्रोजनच्या दाबाखाली तापवलेलं जड तेल गरम असतानाच गाळायचं आणि कागदावर काय उरतं ते बघायचं. आज काळा, चिकट थर उरला.

हे अस्फाल्टीन, तेलातला सगळ्यांत जड भाग. एरवी ते तेलात सुखाने असतं, कारण राळेसारखे घटक त्याला चहूबाजूंनी धरून ठेवतात. हायड्रोजन आधी त्या सोबत्यांनाच हलकं करतो. ते पांगले की अस्फाल्टीन तळाशी बसतं.

तेवढ्यात हे तेल तापवणाऱ्या युनिटवरून तिथल्या सावंतांचा फोन आला.

"बाई, निकाल गोड सांगा हं."

"गाळ आलाय. तापमान उतरवा."

"वरचे ओरडतील हो!"

"नळ्या तुंबल्या की नाचतील का?"

ते हसले आणि फोन ठेवला. शुक्रवारी संध्याकाळनंतर मी कोणाशी बोलले ते हे एवढंच.

हे गेले, लेक परगावी नोकरीला, शेजारच्या कुसुमताई मुलाकडे राहायला गेल्या. घर नीटनेटकं आहे, तक्रार काही नाही. पण एकदा घट्ट बसलेला थर पुढे खरवडूनच काढावा लागतो, हे मी रोज बघते. त्याआधी उपाय सोपा असतो. अस्फाल्टीनला मानवेल असं दुसरं तेल त्यात मिसळायचं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर. आज सकाळी समोर नव्याने राहायला आलेल्या बाईंची बेल वाजवली आणि चमचाभर विरजण मागितलं. घरात दही होतं.