दोन घरांची एक पन्हळ

ओतिलियाच्या घराचं कौतुक मला सांगू नका. मी तिच्या समोरच राहते. डिसेंबरात मेणबत्त्यांच्या सणाला आमची सगळी गल्ली नटते, पण बाहेरगावची माणसं फोटो काढायला थांबायची ती तिच्याच दारापुढे. निळी दारं, पिवळा कठडा, खाली लालभडक फुलांच्या कुंड्या. आणि आत बाईचा नवरा कुजक्या भिंतीला पाठ लावून खोकत पडलेला!

माझ्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच हातावर धरलं होतं, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. त्यामुळे तिला तोंडावर बोलायचा हक्क गल्लीत मला एकटीलाच होता. बाकीचे घाबरायचे. बाई कामाला वाघीण. पहाटे उठून मका दळायचा, अरेपा थापायच्या, भाजायच्या आणि कॉफी तोडणारे मजूर चौकात जमायच्या आत टोपली घेऊन तिथे हजर व्हायचं. नवरा आर्सेसियो सुतार, गरीब गाय. ती भांडायची आणि तो हसायचा, असा त्यांचा संसार.

शेजारचा हिल्दार्दो हा आर्सेसियोचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघांनी घरं एकदमच बांधली. रविवारी अख्खी गल्ली राबायला आली, हंडाभर रस्सा शिजला, आणि बांबू वाचावा म्हणून दोन घरांत मिळून एकच भिंत घातली. कुडाचीच, बांबूच्या कामट्या आणि वर शेणमाती. दोन्ही छपरं त्या भिंतीकडे उतरती, आणि त्यांच्या सांध्यात दोघांची मिळून एक पन्हळ. दोन घरांवर पडलेला सगळा पाऊस त्या एका पन्हळीतून मागच्या ओढ्यात जायचा. पन्हळ वाहती आहे तोवर ठीक, तुंबली की पाणी थेट भिंतीच्या डोक्यात. म्हणून दर वर्षी पावसाआधी आर्सेसियो वर चढून पानं, शेवाळ, पक्ष्यांची घरटी, सगळं उपसून काढायचा आणि खाली हिल्दार्दो शिडी धरायचा.

एका वर्षी ते काम नेमकं शर्यतीच्या दिवशी काढलं. आपली पोरं तिकडे युरोपात सायकलवर डोंगर चढत होती आणि अख्खं कोलंबिया रेडिओला चिकटलं होतं. शेवटचा चढ आला, रेडिओवरचा माणूस किंचाळायला लागला, आणि हिल्दार्दो "आलोच रे!" म्हणून आत पळाला. आमच्याकडचा कुठलाही पुरुष पळाला असता, माझा तर आधी पळाला असता. वरून पडलेल्या शेवाळाने ओल्या झालेल्या फरशीवर शिडी सरकली. आर्सेसियो कमरेवर आदळला. त्यानंतर तो पायांवर उभा राहिलाच नाही.

त्या दिवशी ओतिलियाने भर रस्त्यात सांगून टाकलं, "माझ्या छपरावर त्या मेल्याचं पाऊल पडलं तर तंगडं मोडून हातात देईन!"

"बरं, त्याचं नाही तर दुसऱ्या कुणाचं पडू दे," मी म्हटलं. "पन्हळ कोण काढणार?"

"कुणी नाही. आणखी एका बाईचा नवरा पाडू का मी?"

झालं! पन्हळ वाऱ्यावर. हिल्दार्दो आपल्या बाजूनेही चढेना. लाजेने त्याची मान वर होत नव्हती, तो छपरावर काय जाणार? पुढच्या पावसात वरच्या कोपऱ्यात डाग आला. त्याच्या पुढच्या पावसात तो कमरेपर्यंत उतरला. ओतिलियाने काय करावं? डिसेंबर आला की डागावर तेलरंगाचा हात मारावा. कुडाच्या भिंतीला चुनाच द्यायचा असतो, तिला आतली ओल बाहेर टाकता आली पाहिजे. पण चुना फिका दिसतो, कपड्यांना लागतो, म्हणून आमची सगळी गल्ली सणाला तेलरंगच फासते. पलीकडून हिल्दार्दोनेही तेच केलं. वरून पाणी आत जातंय, आणि दोन्ही बाजूंनी बाहेर पडायची वाट बंद. दिसायला भिंत अशी चकचकीत की बघत राहावं.

आर्सेसियोचा पलंग त्याच भिंतीला. खोली ती केवढी! एका बाजूला दार, एका बाजूला खिडकीचा वारा, तिसरीकडून चुलीचा धूर, पलंग हलवणार कुठे? त्याचा खोकला हटेना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं, याची छाती ओलीने धरली आहे, खोली कोरडी ठेवा, नाहीतर माणूस हातचा जाईल. ओतिलियाने औषधं आणली, चिकनचं पाणी पाजलं, रात्रंदिवस त्याची उशी शेकून दिली. तिच्या सेवेत खोट काढणाऱ्याची जीभ झडेल. पण पन्हळीचं नाव काढलं की दगड!

"भिंतीत पाणी वाजतं गं," आर्सेसियो एकदा माझ्यादेखत तिला म्हणाला. "हिल्दार्दोला चढू दे ना वर."

"तू गप पड. तुला काय कळतंय?"

हिल्दार्दो माझ्या दारात आला तो टोपी हातात घेऊन. "लिगियाबाई, तुम्ही सांगून बघा तिला. मी माझ्या बाजूने चढतो. तिच्या एका कौलाला पाय लावणार नाही."

मी गेले सांगायला. ओतिलिया अरेपा उलटत होती. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"त्याला म्हणावं, रेडिओ ऐक."

एप्रिलमध्ये पावसाने धरलं ते सोडेना. एका दुपारी मी आर्सेसियोसाठी सूप घेऊन गेले होते. पन्हळ भरून दोन्हीकडे सांडत होती. ओतिलिया त्याला भरवत होती आणि मी खुर्चीवर टेकले होते, तोच भिंतीतून कामट्या मोडल्याचा आवाज आला. रंगाला फुगा आला, आणि आम्ही उठेपर्यंत सगळी भिंत पलंगावर बसली, छप्पर खांबांवर होतं म्हणून तेवढं वर राहिलं. ओला चिखल! आर्सेसियो छातीपर्यंत गाडला गेला. आम्ही दोघी नखांनी माती उपसायला लागलो. बांबू हातात घेतला तर भिजलेल्या टोस्टसारखा चुरा झाला. तेवढ्यात पलीकडून, जिथे भिंत होती तिथून, हिल्दार्दो आत घुसला आणि फावड्याने भराभर चिखल ओढायला लागला.

आर्सेसियो जिवंत निघाला. त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. हिल्दार्दोने त्याला उचललं, तशी ओतिलिया आडवी आली.

"खाली ठेव त्याला! तू हात लावायचा नाहीस! मी मेले नाहीये अजून. ज्याने तुला पाडलं, आर्सेसियो, त्याच्या घरात जाणार तू?"

आर्सेसियोने आधी तोंडातली माती थुंकली.

"पडलो मी होतो, ओतिलिया," तो म्हणाला. "रागवायचं की नाही, हे मला एकदा तरी विचारलंस?"

ती बाजूला झाली.

हिल्दार्दोच्या मागच्या खोलीत तो जूनपर्यंत होता. ती खोली कोरडी होती, ऊन यायचं, दोघे दोस्त दिवसभर पत्ते खेळायचे. ओतिलिया सकाळ-संध्याकाळ ताट घेऊन जायची, भरवायची, खाली मान घालून परत यायची. पण छाती जी गेली होती ती गेलीच होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार उशीर केलात. तो गेला तेव्हा तिचा हात त्याच्या हातात होता, एवढं बरं झालं.

मग गल्ली पुन्हा एका रविवारी राबली. नवा कूड, नवी शेणमाती, वर पांढरा चुना. भिंतीआधी पत्र्याची रुंद पन्हळ चढली, नीट उतार देऊन. ती हिल्दार्दोनेच बसवली. त्याला बोलवायला ओतिलिया स्वतः त्याच्या दारात गेली होती. दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि विचारायची माझीही छाती झाली नाही.

परवा दिवसभर पाऊस कोसळत होता. मी तिच्याकडे डोकावले. पन्हळीचं पाणी धो धो ओढ्यात पडत होतं. ती रिकाम्या पलंगावर बसली होती, तळवा भिंतीला लावून.

"हात लावून बघ, कोमाद्रे."

मी लावला. भिंत खडखडीत कोरडी होती.

"मी नुसतं हो म्हटलं असतं, तर तो आज असता का गं?"

तिला खोटं सांगायचं माझ्या फार जिवावर आलं.

"असता," मी म्हटलं.