गावकऱ्यांनी घाबरू नये

संत्र्याच्या हंगामात काटोलकडून येणारे ट्रक दिसले की ती घटना आजही माझ्यासमोर उभी राहते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातलं बरंच विसरलो. ही एक बाई मात्र विसरता आली नाही.

तेव्हा मी काटोलच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एक दिवस नागपूरचे चार-पाच लोक अर्ज घेऊन आले. मोबाइलवर दाखवायचा भुताचा हिंदी सिनेमा करायचा होता. आडरानातली खोली, तिथं अडकलेली माणसं आणि आतली चेटकीण, एवढीच गोष्ट. त्यासाठी त्यांनी संत्र्याच्या बागा संपतात तिथली एक जुनी, एकटी खोली भाड्यानं घेतली होती. रात्रीचे दिवे आणि जनरेटर परवडत नव्हते, म्हणून व्हरांड्याला आणि खिडक्यांना काळं कापड लावून दिवसाच रात्र करणार होते. सिनेमात किंचाळणं पुष्कळ आहे, गावात गैरसमज नको, एवढीच त्यांची विनंती होती.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. माझ्या वडिलांनी जन्मभर अंगठा लावला. त्यामुळे कागद चांगला लिहिता येतो याचा मला अभिमान होता, आणि तो मी लपवत नसे. गावासाठीची सूचना ठाण्यातल्या लेखनिकावर न सोपवता मी स्वतः लिहिली. पोलीस पाटलानं ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली आणि गावात वाचूनही दाखवली. स्टेशन डायरीला नोंद झाली. माझ्या दृष्टीनं विषय संपला.

आठव्या दिवशी दुपारी ग्रामीण रुग्णालयातून फोन आला. चेटकिणीचं काम करणारी बाई मृतावस्थेत आणली होती. वय पंचेचाळीसच्या आसपास, राहणार सक्करदरा, नागपूर. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत वीस वर्षं काम केलेली. नवरा वारलेला, मागे नर्सिंग शिकणारी एक मुलगी. मी मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल केला आणि पंचनाम्याला गेलो.

सगळ्यांचं एकच म्हणणं होतं. बाई खोलीबाहेरच्या आंब्याखाली चहा पीत बसली होती, एकाएकी कोसळली. डॉक्टरांना श्वासनलिकेत काजळी दिसली, पण दिग्दर्शक म्हणाला, आठ दिवस धुरात काम चाललंय, आम्हा सगळ्यांच्याच नाकात काजळी आहे. त्यात खोटं काही नव्हतं. डॉक्टरांनी व्हिसेरा राखून मत राखीव ठेवलं.

इकडे गावात वेगळंच सुरू झालं. त्या खोलीत पूर्वी कोणी मेलं होतं म्हणे, भुताचं सोंग घेतलं म्हणून भुतानं नेलं. ही बातमी सिनेमावाल्यांनीच मोबाइलवर फिरवली. सिनेमाची जाहिरात फुकटात होत होती. सक्करदऱ्याला बाईचे नातेवाईक तेरवीला येईनात. मुलगी ठाण्यात आली, खुर्चीवर बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "साहेब, मावशी म्हणते आईनं भुताचं काम करायले नको होतं, तिचीच चूक. मले फक्त येवढं सांगा, माही आई कशानं मेली."

मी म्हणालो, सांगीन. सांगताना माझ्या हातात काही नव्हतं.

खबर मिळाली ती संत्री तोडणाऱ्या एका मजूर बाईकडून. ठाण्याच्या दारात दोनदा येऊन ती परत गेली होती. तिसऱ्यांदा महिला शिपायानं तिला हाताला धरून आत आणलं. ती शेजारच्या बागेत तोडणीला होती.

"ते बाई रोज हिंदीत रडे, साहेब," ती म्हणाली. "आम्ही हासो तिले. त्या दिवशी आपल्यावानी रडली."

"आपल्यावानी म्हणजे?"

"दार उघड गा, म्हणे. मले काढा, म्हणे. आमचे हातच थांबले."

मी जरा कडक आवाजातच विचारलं, "मंग गेल्या काहून नाही?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. "तुमचाच कागद होता नं, साहेब. पाटलानं वाचून दाखवला. कितीबी वरडली तरी जाऊ नका म्हणून."

ती गेल्यावर मी कार्यालयीन प्रत काढली. 'किंचाळण्याचे, रडण्याचे अथवा मदतीसाठी हाका मारण्याचे आवाज आल्यास गावकऱ्यांनी घाबरू नये व त्या ठिकाणी जाऊ नये.' त्यांच्या अर्जात किंचाळणं आणि रडणं होतं. मदतीसाठी हाका हे शब्द मी घातले होते. मसुद्यात काही राहून जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना बोलावलं आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. खोटं सांगायला येणारा माणूस मोठ्या गोष्टी पाठ करून येतो, बारक्या विसरतो. मी दाराचा विषय काढलाच नाही. चहा कशात प्यायली, एवढंच विचारत राहिलो. दिग्दर्शक म्हणाला काचेच्या ग्लासात. कॅमेरावाला म्हणाला कागदाच्या कपात. स्वयंपाकाची बाई म्हणाली, त्या दिवशी दूध नासलं, चहा झालाच नाही.

आवाज टिपणारा माणूस पन्नाशीचा होता. सीताबर्डीत त्याचं दुकान, एरवी लग्नाच्या ऑर्केस्ट्राला साउंड देणारा. त्याला मी काही विचारलं नाही. पाणी दिलं आणि गप्प बसलो. दहा मिनिटांनी तो स्वतःच म्हणाला, "सर, माझ्याकडे आहे." दिग्दर्शकानं कॅमेऱ्यातलं सगळं पुसून टाकलं होतं. आवाजाचं यंत्र वेगळं असतं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

यंत्र पंचांसमोर जप्त केलं. मग ते ठाण्यात लावून ऐकलं. प्रसंग असा होता की चेटकीण खोलीत कोंडली आहे, दार आतून हादरतं आहे आणि दाराखालून धूर येतो आहे. कॅमेरा बाहेर. धुराचं यंत्र बिघडलेलं, म्हणून घमेल्यात पेटते कोळसे घालून, वर राळ टाकून ते घमेलं आत ठेवलं होतं. जुनं दार धक्क्यानं उघडायचं, म्हणून बाहेरून कडी, आणि गजांच्या खिडक्यांवर काळं कापड. आधी हिंदी संवाद ऐकू येतात, चांगले खणखणीत. मग खोकला. मग, "दादा, कडी काढ गा. जीव कोंडून राहिला माहा." हे चार वेळा. नंतर दारावर हात घासल्याचा आवाज, आणि शांतता. त्या शांततेत दिग्दर्शक हळूच म्हणतो, "बढिया. चलने दो."

साउंडवाला खाली बघून म्हणाला, "कानाला हेडफोन होता सर, मला सगळ्यांत जवळून ऐकू आलं. मी दिग्दर्शकाकडे पाहिलं. तो अंगठा वर करून राहिला होता. मला वाटलं, बाई कमाल करून राहिली."

व्हिसेराच्या अहवालात विषारी वायूनं गुदमरून मृत्यू असं आलं. गुन्हा दाखल झाला, निष्काळजीपणानं मृत्यू आणि पुरावा नष्ट करणं. दोषारोपपत्र तयार करताना एका सहकाऱ्यानं सुचवलं, साहेब, ती सूचना लावायची काही गरज नाही. कायद्यानं खरंच नव्हती. मी लावली.

कोर्टात बचावाच्या वकिलानं ती मोठ्यानं वाचून दाखवली. मग मला विचारलं, "हे अक्षर आपलंच ना?"

"होय."

मुलगी मागच्या बाकावर बसली होती. दिग्दर्शकाला शिक्षा झाली, फार नाही. तो अपिलात गेला. निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर मुलगी माझ्याजवळ थांबली. म्हणाली, "तो कागद नसता लावला तर तो तुमचा होता हे आम्हाले कधी समजलंच नसतं. काहून लावला, साहेब?"

मी म्हणालो, "तुझ्या आईचा आवाज पुरावा म्हणून लावला, मग माझं अक्षर कसं लपवू?"

तिनं मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही. भुतानं नेलं हे मात्र त्या दिवसानंतर तिच्या घरात कोणी म्हणालं नाही. एवढंच मी तिला देऊ शकलो.

या प्रकरणानं मला शिकवलं ते साधं आहे. लोक पोलिसाच्या कागदावर विश्वास ठेवतात, आणि म्हणून कागद लिहिणाऱ्यानं घाबरायला हवं. त्या बागेतल्या बायकांचा कान माझ्यापेक्षा शहाणा होता. त्यांचे हात थांबले होते. पाय थांबवले ते मी.

आता निवृत्त आहे. संध्याकाळी वरच्या मजल्यावरची मुलं टीव्हीवर असलेच सिनेमे लावतात आणि बाईच्या किंकाळ्या जिन्यातून खाली येतात. मी चप्पल घालून वर जातो. बायको म्हणते, बसा ना, टीव्ही आहे तो.

टीव्हीच असतो. तरी मी दार वाजवून बघून येतो.