गाजर, मुळा आणि श्रीखंड

पोहे रात्रभर भिजत घालावे लागतात, असं मला वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत वाटत होतं.

यात माझी फारशी चूक होती असं मला आजही वाटत नाही. आम्ही फरीदाबादला राहायचो. बाबा तिथल्या एका कारखान्यात इंजिनिअर, आई शाळेत शिक्षिका आणि भिंतीला भिंत लावून चड्ढा आंटींचं घर. चड्ढा आंटींकडे राजमा रात्रभर भिजायचा, छोले रात्रभर भिजायचे, उडीद रात्रभर भिजायचे. सगळा सेक्टर रात्रभर भिजत असताना पोह्यांनीच काय घोडं मारलं होतं? पण हे ज्ञान मी पाजळलं कुठे? तर मला पाहायला आलेल्या पहिल्याच मुलाच्या आईसमोर! आईनं रिवाजाप्रमाणे "सगळं मुलीनंच केलंय हं," असं म्हणत पोह्यांच्या बशा फिरवल्या. त्या बाईंनी सहज विचारलं, "छान मऊ झालेत. किती वेळ भिजवलेस गं?" मी मान खाली घालून, अत्यंत नम्रपणे म्हणाले, "रात्रभर." बाईंनी बशी खाली ठेवली, ती पुन्हा उचलली नाही.

दुसऱ्या स्थळाच्या वेळी मला बोलूच दिलं नाही. त्यांना मुलगी मुकी वाटली.

तिसरं स्थळ अजयचं. त्याचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, तीस वर्षं दिल्लीत मुरलेले. तो स्वतः गुडगावात नव्यानंच आलेल्या एका परदेशी कंपनीत होता आणि कमरेला पेजर लावायचा. त्या काळी पेजरवाला मुलगा म्हणजे आमच्या सेक्टरात सगळ्या आया उठून उभ्या राहायच्या. (देश नुकताच खुला झाला होता. आमचा फोनसुद्धा त्याच लाटेत आला, आठ वर्षं नंबर लावून ठेवल्यावर!) त्याच फोनवर शुक्रवारी अजयचा आवाज आला.

"नमस्कार, मी अजय. रविवारी आम्ही येतोय ना, तर मथुरा रोडनं यायचं की सूरजकुंडवरून?"

मी रस्ता सांगितला. फोन ठेवण्याआधी तो हळूच म्हणाला, "एक विचारू? पोहे आहेत का? नाही, म्हणजे चालतील, बिल्कुल चालतील. पण हा माझा सलग चौथा रविवार आहे, यार."

मी इतक्या मोठ्यानं हसले की चड्ढा आंटी भिंतीपलीकडून "क्या हुआ?" म्हणाल्या. फोन ठेवला आणि आईला सांगून टाकलं, "हा मुलगा मला आवडलाय. हा हातचा जाता कामा नये. आणि रविवारी पोहे नाहीत. जे काही करायचं ते मी करणार, आणि खरंच मी करणार. खोटं बोलून झालेलं लग्न मला नको."

"तू करणार? गॅसवर?" आईचा चेहरा पांढरा पडला.

"गॅस पेटवायचाच नाही!"

चड्ढा आंटींच्या एका इंग्रजी मासिकात मी वाचलं होतं की, हल्ली पार्टीला काही शिजवतच नाहीत. गाजर, मुळा, काकडी, सिमला मिरची यांच्या लांब लांब कांड्या कापायच्या, पाण्यात घालून कुरकुरीत करायच्या आणि मधोमध एका वाडग्यात टांगलेल्या दह्याचं डिप ठेवायचं. दह्यात लसूण, मोहरी वाटून, मीठ, मिरपूड. वरून पुदिना. पाहुण्यांनी कांडी उचलायची, बुडवायची, खायची. न शिजवल्यामुळे बिघडण्याचा प्रश्नच नाही. मला हा पदार्थ परमेश्वरानं माझ्यासाठीच निर्माण केल्यासारखा वाटला.

या कार्यक्रमासाठी सुमनआत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, खास सांगलीहून आली होती. तिनं माझा बेत शांतपणे ऐकून घेतला.

"म्हणजे मुळा कापून ठेवायचा?"

"हो."

"आणि?"

"आणि गाजर."

"शिजवायचं नाही?"

"नाही."

"अगं मंजू, आपल्याला जावई हवाय की ससा?"

मी लक्ष दिलं नाही. शनिवारी डेअरीच्या बूथवरून दोन किलो दही आणलं. मासिकात पाव किलो लिहिलं होतं, पण गोष्ट माझ्या आयुष्याची होती. बाबांच्या जुन्या धोतराचे दोन तुकडे करून दोन पुरचुंड्या बांधल्या आणि मोरीच्या नळाला टांगल्या. रविवारी सकाळी एक सोडली. आत काय सुंदर घट्ट गोळा! लसणाच्या दोन पाकळ्या असं लिहिलं होतं. एवढ्या दह्याला दोन पाकळ्या म्हणजे चेष्टा, म्हणून मी दोन गड्डे घातले. मोहरी फेसली (डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, म्हणजे बरोबर झाली असणार). छान पिवळसर रंग आला. ते सगळं स्टीलच्या डब्यात भरून झाकण दाबून बसवलं, डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि तोंडाला काहीबाही लावून घ्यायला मी पार्लरमध्ये निघून गेले. दुसरी पुरचुंडी तशीच नळाला लटकत राहिली.

आता मराठी घरात नळाला चक्का लटकतोय आणि समोर सुमनआत्या उभी आहे, म्हटल्यावर पुढे काय होणार हे कुणीही सांगितलं असतं. सांगलीकडे आत्याच्या श्रीखंडाचं नाव होतं. लग्न ठरायचं असेल तर तिच्या हातचं श्रीखंड खाल्ल्याशिवाय मुलाकडचे लोक उठत नसत, असं ती स्वतः सांगायची. भाचीची अब्रू मुळ्याच्या कांडीवर टांगलेली पाहून तिचा जीव तुटला. तिनं चक्का सोडला, साखर घातली, पातळ फडक्यातून गाळला, केशर आणि जायफळ घातलं. छान पिवळसर रंग आला. मग ते सगळं तिनं स्टीलच्या डब्यात भरून, झाकण दाबून फ्रिजमध्ये ठेवलं. मला सांगितलं नाही, कारण मी कटकट केली असती. आईला सांगितलं. आईनं देवाला हात जोडले.

दोन्ही डबे एकाच संचातले. दोन्हींवर बाबांचं नाव कोरलेलं. त्यामुळे डबा कुणाचा हे लगेच कळायचं, आत काय आहे ते कळायचं नाही.

पाहुणे साडेपाचला आले. थंडीचे दिवस. अजय, त्याची आई आणि वडील कोचावर ओळीनं बसले. काकू मोजकंच बोलणाऱ्या, नजर मात्र थेट फ्रिजच्या आत जाईल अशी. अजयनं टेबलाकडे पाहिलं, तिथे पोहे नाहीत हे त्याला दिसलं आणि तो माझ्याकडे बघून असा काही हसला की माझं भानच गेलं. नेमके तेव्हाच फरीदाबादचे दिवेही गेले.

आमच्याकडे इमर्जन्सी लाइट होता. त्याची बॅटरी त्याच्या नावाला जागत नसे. त्या मिणमिणत्या उजेडाचा ताबा बाबांनी बाहेर पाहुण्यांसाठी घेतला, आत्या मेणबत्ती शोधायला आतल्या खोलीत गेली आणि मी स्वयंपाकघरात चाचपडत फ्रिज उघडला. हाताला डबा लागला. वाडग्यात ओतला, वरून मायेनं पुदिना पसरला. रंग दिसत नव्हता, पण मासिकातल्या फोटोत वर काहीतरी लाल होतं हे आठवलं, म्हणून दोन चिमटी लाल तिखटही भुरभुरलं. चव घेतली नाही. मुलीनं पाहुण्यांच्या आधी तोंड लावायचं नसतं, हा एकच रिवाज मी त्या दिवशी पाळला!

"हे काय, बेटा?" काकांनी विचारलं.

"डिप आहे, काका. मुळा बुडवून घ्या."

काकांनी मुळा बुडवला, खाल्ला. आणि ते थांबले. मी माझ्या आयुष्यात इतकं विचारात पडलेलं माणूस पाहिलेलं नाही. मग त्यांनी गाजर बुडवून पाहिलं. बहुधा मुळ्याचा दोष असावा, असं त्यांना वाटलं असणार. काकूंनी सिमला मिरची घेतली. अजयनं काकडी. कुरुम कुरुम एवढाच आवाज येत राहिला.

बाबांना शांतता सोसवत नाही. तेही एक कांडी खाऊन बसले आणि पितृप्रेमानं म्हणाले, "वा! वेगळंच आहे!"

"अच्छा, यात घातलंय तरी काय?" काकूंनी विचारलं.

याच प्रश्नाची मी वाट पाहत होते. ताठ बसले. "लसूण, मोहरी, मीठ आणि मिरपूड."

"लसूण," काकू म्हणाल्या.

"दोन गड्डे."

"मग हे गोड कसं लागतंय?" काकांना राहवेना.

मला वाटलं, काय गोड बोलणारी माणसं आहेत ही! कौतुक करायची काय तऱ्हा! मी लाजले. खाली मान घालून म्हणाले, "माझ्या हातालाच गोडी आहे, असं आई म्हणते."

आईला ठसका लागला.

"आणि हे सगळं...?" काकूंनी एक एक शब्द तोलत विचारलं.

"मीच केलंय," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही. अगदी खरं सांगतेय, काकू."

आयुष्यात पहिल्यांदा, ठरवून, छातीठोकपणे मी खरं बोलले होते आणि त्यातला शब्दन् शब्द खोटा होता.

इकडे स्वयंपाकघरात आत्या मेणबत्तीच्या उजेडात पुऱ्या तळत होती. बाहेर काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता. तळणाच्या वासापुढे दुसरा कसलाच वास तिला कळत नव्हता. तिनं फ्रिजमधला उरलेला डबा काढला, तीन ताटल्यांत पुऱ्या मांडल्या, प्रत्येकीत भरघोस डाव वाढला आणि ती विजयी मुद्रेनं बाहेर आली.

"ते पालापाचोळा खाणं पुरे झालं. आता हे घ्या. श्रीखंड!"

श्रीखंड म्हटल्यावर अजयच्या चेहऱ्यावर जीव आला. बिचारा मघापासून काकडीशी झुंजत होता. त्यानं पुरीचा मोठा तुकडा मोडला, त्यावर जेवढं मावेल तेवढं घेतलं आणि तोंडात घातलं.

कमरेचा पेजर वाजला, तो त्यानं पाहिलासुद्धा नाही. डोळ्यांतून दोन धारा निघाल्या आणि कान त्या अंधुक उजेडातही लाल दिसायला लागले.

"आवडलं?" आत्या गहिवरली. "डोळ्यांत पाणी आलं हो पोराच्या! माझ्या हातचं खाऊन पुष्कळांना येतं. घ्या, अजून घ्या."

"नको, खरंच..." अजय घुसमटत म्हणाला.

"लाजायचं नाही! श्रीखंडाला नाही म्हणू नये!" आत्यानं आणखी एक डाव घातला. आग्रहात तिचा हात कुणी धरू शकत नसे. मग ती काकांकडे वळली. काकांनी ताटलीवर दोन्ही हात आडवे धरले, तर तिनं दोन बोटांमधल्या फटीतून वाढलं!

आणि दिवे आले.

ट्यूबलाइट दोनदा फडफडली आणि सगळं लख्ख दिसलं. टेबलावर केशरी श्रीखंड, त्यावर पुदिना, त्यावर लाल तिखट आणि त्यात रुतलेली अर्धवट खाल्लेली मुळ्याची कांडी. आत्याच्या हातातला डाव खाली पडला.

"माझं श्रीखंड!" ती किंचाळली. "माझ्या श्रीखंडात मुळा कुणी खुपसला?"

काकांनी हळूच हात वर केला.

"मग हे काय आहे?" म्हणत आत्यानं अजयच्या ताटलीतलं बोटभर चाटलं आणि ती मटकन खुर्चीत बसली. पुढची दहा मिनिटं ती फक्त पाणी मागत होती.

मी उभीच होते. समोरचा मुलगा मला आवडला होता, त्याला मी माझ्या घरी बोलावून कच्च्या लसणानं रडवलं होतं, आणि त्याच्या आईवडिलांना तोंडावर सांगितलं होतं की हाताला गोडी आहे. म्हटलं, जाऊ दे, आता गेलंच आहे तर पूर्ण जाऊ दे.

"काकू," मी म्हणाले, "गोड होतं ते आत्याचं. लसणाचं होतं ते माझं. मला स्वयंपाक येत नाही. चहा येतो, तोही उतू जातो. पोहे रात्रभर भिजवत नाहीत, हे मला मागच्या वर्षी कळलं."

आईनं डोळे मिटून घेतले. काकूंनी अजयच्या ताटलीतला पुरीचा एक तुकडा उचलला, माझ्या त्या डिपला अगदी टोकाशी लावला, चाखला आणि शांतपणे पाणी प्यायल्या.

"महिनाभर आम्ही मुली पाहतोय," त्या म्हणाल्या. "जिथे जावं तिथे 'सगळं मुलीनंच केलंय.' आणि घास घेतला की कळतं, हा पंचवीस वर्षं तव्यापुढे उभं राहिलेल्या बाईचा हात आहे." त्यांनी ताटली बाजूला सारली. "आज पहिल्यांदाच माझी खात्री पटली. हे मुलीनंच केलंय. दुसऱ्या कुणाला हे जमणारच नाही."

अजय हसायला लागला. डोळे पुसत, नाक ओढत, हसता हसता म्हणाला, "आई, मला चालेल. यांनी पोहे तरी नाही केले!"

लग्न वैशाखात झालं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला हौसेनं स्वयंपाकघरात नेलं, गॅसचा रेग्युलेटर स्वतःच्या हातानं बंद केला, माझ्या हातात सुरी आणि एक काकडी दिली आणि पाटावर बसवलं. "तू एवढंच कर हं, बाळा," त्या म्हणाल्या.

पंचवीस वर्षं होत आली. काकडी आता मला बऱ्यापैकी येते.