नागपूरच्या पेटीची तब्येत

वर्ध्याहून नागपूरला टेलिफोनच्या तारेतून आकडे पाठवण्याचा माझा पहिला आणि शेवटचा प्रयोग आईच्या शिलाई मशीनवर झाला.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी एका कापूस कंपनीत सहा महिन्यांसाठी तात्पुरता चिकटलो होतो. साहेबांनी नागपूरहून एक कॉम्प्युटर आणि एक मोडेम पाठवला आणि बजावलं, "शनिवारी बाराच्या आत अकरा गावांच्या खरेदीचे आकडे इकडच्या कॉम्प्युटरवर आले, तर तुम्ही कायम. नाही तर घरी!" नेमका त्याच शनिवारी ऑफिसचा फोन मेला. मी छाती फुगवून म्हणालो, "इथंच, वर्ध्याला लागून बोरगाव मेघ्याला आमच्या घरी फोन आहे!" छाती फुगवायला मला कधीच कुणी सांगावं लागलेलं नाही. कॉम्प्युटर आणि मोडेम घरी आणून मी आईच्या शिलाई मशीनवर मांडले.

मोडेम म्हणजे दोन रबरी वाट्या बसवलेली पेटी. फोनचा रिसीव्हर त्या वाट्यांत पालथा घालायचा. पेटी आकड्यांच्या शिट्ट्या करते, शिट्ट्या तारेतून नागपूरला जातात आणि तिथली पेटी त्यांचे पुन्हा आकडे करते. मात्र वाट्यांत खोलीतला आवाजही शिरतो, म्हणून घरात शांतता हवी. (आमच्या घरात!) माझे बाबा तीस वर्षं समुद्रपूरच्या एसटीवर कंडक्टर होते. ते कुजबुजले तरी मागच्या सीटवरचा माणूस तिकीट काढायचा.

साडेदहाला नंबर लागला. किर्रर्र सुरू झालं, मी बटण दाबलं आणि कुकरनं शिट्टी मारली! कापसाच्या आकड्यांत आईची तुरीची डाळ मिसळली, पडद्यावर नुसता कचरा उमटला आणि लाइन तुटली.

"आई, कुकर बंद कर!"

"मंग सैपाक काय तुह्या पेटीत करू?"

सव्वाअकराला पुन्हा नंबर लावला. गल्लीत फोन एकच, त्यामुळे शेजारच्या मंदाकाकू लेकीच्या फोनची वाट पाहत येऊन बसल्या होत्या. "काऊन रे बापू, फोन असा पालथा काऊन निजवला?" म्हणत त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि किंचाळून टाकून दिला.

"अगं माय! माह्या पोरीच्या गळ्याले काय झालं!"

पुन्हा लाइन लागेपर्यंत पावणेबारा वाजले. खोटं कशाला बोलू, नोकरी जाणार म्हणून मी चांगलाच घाबरलो होतो. कुकर खाली उतरवला, काकूंना बाहेरच्या ओट्यावर बसवलं, आईनं तोंडाला पदर लावला. आकडे जाऊ लागले! पहिलं गाव गेलं, दुसरं गेलं. बाबा कान देऊन ऐकत होते. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसू लागली.

आमच्या घरात एक रीत होती. फोन कुणाचाही असो, समोरच्याची विचारपूस केल्याशिवाय तो ठेवायचा नाही. आणि इथे तर समोरचा माणूस बाबांच्या मते सारखा कण्हत होता! मी हात आडवा घालेपर्यंत बाबांनी वाटीजवळ तोंड नेलं आणि एसटीच्या आवाजात म्हणाले, "नमस्कार जी! तब्येत बरी नाई का? काही खाल्लं का सकायपासून?"

लाइन तुटली. बाराला दहा मिनिटं होती.

"बाबा! तिकडे माणूस नाही, पेटी आहे!"

"मंग पेटीजवळ माणूस नसन का? त्याले आकडेच पायजे ना? आण इकडं कागद."

बाबांनी थेट साहेबांचा नंबर फिरवला. आधी त्यांची तब्येत विचारली, मग मूळ गाव, मग मुलंबाळं. (चार मिनिटं! मी शिलाई मशीनला धरून उभा.) त्यानंतर त्यांनी अकराच्या अकरा गावांचा कापूस थांबे पुकारावेत तसा पुकारला. साहेब तिकडे लिहून घेत होते आणि इकडे अख्खी गल्ली ऐकत होती. बाराच्या आत शेवटचं गाव नागपुरात पोचलं. एक आकडा चुकला नाही.

आठवडाभरात मोडेम परत मागवणारं पत्र आलं आणि त्यासोबत मी कायम झाल्याचं. साहेबांच्या शिफारशीत मोडेमबद्दल अक्षर नव्हतं. माझ्या कामाबद्दलही नव्हतं. एकच ओळ होती: "उमेदवाराचे वडील अत्यंत कार्यक्षम आहेत."