करंगळीचा डाग

माझी चूक एका शब्दाची होती. मी "हो" म्हणालो.

ज्यांनी मला गिटार शिकवली त्या सरांनी मला सरळ विचारलं होतं, "तू पॉलिशवाला आहेस. तूच सांग, ही खरंच जुनी आहे ना?" मला खरं काय ते ठाऊक होतं. तरी मी हो म्हणालो.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मी विठ्ठलवाडीजवळ फर्निचरच्या एका कारखान्यात पॉलिशचं काम करायचो. दर रविवारी सकाळी वर्तकनगरला सरांच्या घरी गिटार शिकायला जायचो. सर एका कंपनीत फिटर होते आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. माझी एक खोड काही केल्या जात नव्हती. वाजवताना उजव्या हाताची करंगळी मी तारांच्या खाली लाकडावर टेकवून ठेवायचो. सर ओरडायचे, "अरे राजा, करंगळी पेन्शनवर गेलीय का? उचल तिला!"

सरांची स्वतःची गिटार त्यांना बोटीवर काम करणाऱ्या एका माणसाकडून मिळालेली, परदेशी, जुनी. कल्याणचा एक कार्यक्रम करून परतताना ती टेम्पोच्या टपावरून पडली आणि तिची मान मोडली. तेव्हापासून ते दुसऱ्यांच्या गिटारवर वाजवत होते. "आवाज येतो रे," म्हणायचे, "पण तो माझा नाही."

त्याच सुमारास आमच्या मालकांनी नवं काम काढलं. एका सुताराकडून जुन्या परदेशी गिटारसारख्या गिटार बनवून घ्यायच्या आणि मी त्या जुन्या करायच्या. "शूटिंगवाल्यांना लागतात," ते म्हणाले. "हीरोच्या हातात नवीकोरी शोभत नाही." मला हे काम फार आवडलं. पांढरं प्लास्टिक मी चहाच्या पाण्यात उकळून पिवळं करायचो. स्क्रू मिठाच्या पाण्यात गंजवायचो. किल्ल्यांचा जुडगा आपटून कडांचे टवके काढायचो. मग गिटार मांडीवर घेऊन, डोळे मिटून वाजवायचो. हात जिथे जिथे लागेल तिथे खडूची खूण करायचो आणि पॉलिश पेपरनं तेवढंच घासायचो. कोपर टेकतं तिथे, मानेच्या मागे अंगठा फिरतो तिथे, आणि तारांच्या खाली रुपयाएवढा एक गोल. तो गोल मला सगळ्यात खरा वाटायचा.

एका शनिवारी दुपारी सर कारखान्यात आले. ऑर्केस्ट्रातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, इथे जुनी गिटार मिळते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "अरे, तू इथे? मग काळजीच नाही!"

मालकांनी मी आदल्याच आठवड्यात घासलेली गिटार पुढे केली. "गोव्याच्या एका म्हाताऱ्याची आहे सर. वीस-पंचवीस वर्षं हॉटेलात वाजलीय."

सरांनी कोपराच्या जागेवरून हात फिरवला. "वाजवणाऱ्याचा हात दिसतो बघ," ते हळूच म्हणाले. कबूल करायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला अभिमान वाटला. मग त्यांनी मला विचारलं. मालक माझ्याकडे बघत होते. नोकरी जाईल हेही दिसत होतं.

"हो सर. जुनीच आहे."

पैसे मोजून सर ती गिटार घेऊन गेल्यावर मी मालकांना म्हटलं, "शूटिंगसाठी म्हणाला होतात तुम्ही."

"मग? तुझे सर काय हीरोपेक्षा कमी आहेत?" ते हसले. "आणि हो कोण म्हणालं रे, मी का तू?"

मालकांनी मला फसवलं होतं. पण हो मीच म्हणालो होतो.

पुढच्या रविवारी सरांनी ती गिटार मांडीवर घेतली, थोडं वाजवलं, थांबले. ती बाजूला ठेवून त्यांनी धडा सुरू केला. त्या दिवसापासून ते माझ्या करंगळीवर कधीच ओरडले नाहीत. मला वाटलं, खोड गेली. कार्यक्रमांना मात्र ते परत उसनी गिटार नेऊ लागले. "तारा बदलायच्यात," म्हणायचे. काही महिन्यांनी मीच शिकवणी सोडली. नंतर कारखानाही सोडला.

बरीच वर्षं गेली. नव्वदच्या दशकात एकदा वर्तकनगरला, सरांच्या शेजारच्या इमारतीत, कपाटांच्या पॉलिशचं काम मिळालं. चार दिवस मी त्यांची खिडकी टाळली. पाचव्या दिवशी जिना चढलो.

सर थकले होते. गिटार भिंतीवर टांगलेली होती. मी जवळ जाऊन पाहिलं. प्रत्येक ओरखडा माझा होता. इतक्या वर्षांत सरांच्या हाताची एकही खूण तिच्यावर उमटली नव्हती.

"सर, ही जुनी नव्हती. मीच घासली होती."

"माहीत आहे." त्यांनी त्या रुपयाएवढ्या गोलावर बोट ठेवलं. "इथे करंगळी टेकवून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. पहिल्याच रविवारी कळलं मला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुझा मालक कोण माझा? त्यानं फसवलं, त्याचं काही वाटलं नाही. त्याच्यावर भरवसा नव्हता म्हणून तर तुला विचारलं ना. दर रविवारी वाटायचं, आज हा बोलेल. मग तू यायचाच बंद झालास."

जिना चढताना मी बरंच काही जुळवलं होतं. शूटिंगची थाप, मालकांची नजर, नोकरी. त्यातलं काहीच आता बोलण्यासारखं उरलं नव्हतं.

"सर," मी म्हटलं, "तुमचा माझ्यावर विश्वास होता म्हणून तुम्ही मला विचारलंत. मला खरं माहीत होतं, आणि मी तुमच्या तोंडावर हो म्हणालो. मालकांनी नाही, मी फसवलं तुम्हाला. माझं चुकलं. मला माफ करा."